उमेदवारात ओल किती?

२०२४ च्या लोकसभेला परभणीच्या मतदाराची मोठी सोय झाली होती. पावसाचा अंदाज सांगणारेच रिंगणात! सेलू तालुक्यातले पंजाबराव डख वंचित बहुजन आघाडीकडून उभे होते. डखांचा पाऊस चुकला की शेतकरी जाब विचारतो. पुढाऱ्याचा शब्द चुकला तर मात्र 'परिस्थिती बदलली' एवढ्यावर भागतं. मतदारांनी डखांना पुन्हा आभाळाकडे पाठवलं.

महायुतीचे उमेदवार होते महादेव जानकर. मूळचे साताऱ्याकडचे, २०१४ ला बारामतीत सुप्रिया सुळेंविरुद्ध लढून पवारांच्या घरात घाम फोडलेला गडी. पुढे फडणवीसांच्या मंत्रिमंडळात पशुसंवर्धन खातं. मार्च २०२४ मध्ये हेच जानकर शरद पवारांच्या बाजूने माढ्यातून लढणार, अशी बोलणी रंगात आली होती. महिना सरायच्या आत ते महायुतीत परतले आणि अजित पवारांच्या वाट्याची परभणी त्यांच्या पदरात पडली. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही म्हण इतकी शब्दशः कुणी पाळली नसेल. लोकसभा हरल्यावर विधानसभेला त्यांनी महायुतीलाच रामराम ठोकला. गंगाखेडचे त्यांच्या पक्षाचे आमदार रत्नाकर गुट्टे मात्र सरकारच्याच वळचणीला राहिले.

एकट्या जानकरांना धारेवर धरणं बरं नव्हे. 'खान की बाण' एवढ्या एका प्रश्नावर या जिल्ह्याने निवडणुकांमागून निवडणुका काढल्या. भूमिका-बिमिका विचारायला सवड होती कुणाला? शिवसेनेने अशोकराव देशमुख, सुरेश जाधव, तुकाराम रेंगे, गणेशराव दुधगावकर यांना दिल्लीला पाठवलं आणि पाळीपाळीने सगळ्यांनी सेना सोडली. रेंगे तर २००८ च्या विश्वासदर्शक ठरावाला गैरहजरच राहिले. बाण म्हटल्यावर सुटायचाच. सुरेश वरपुडकर काँग्रेसचे खासदार, राष्ट्रवादीचे मंत्री, पुन्हा काँग्रेसचे आमदार आणि २०२५ पासून भाजपचे.

या गर्दीत सेनेचेच खासदार बंडू जाधव जागचे हलले नाहीत, म्हणून निष्ठावान ठरले. गंमत अशी की माणूस हलला नाही, पायाखालची सतरंजी फिरली. २०१४ आणि २०१९ ला मोदींच्या नावाने मतं मागितली, २०२४ ला काँग्रेसचा हात धरून मोदींच्या विरोधात. चिन्ह उद्धव ठाकरेंच्या सेनेची मशाल, समोर जानकरांची शिट्टी. बाण यंत्रावर कुठेच नाही. तरी सुमारे १ लाख ३४ हजारांनी निवडून आले. पक्ष बदलणारा गद्दार आणि पक्षासकट भूमिका बदलणारा निष्ठावान, हा हिशेब परभणीला पटला.

मोंढ्यात हिशेब असा चालत नाही. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर सोयाबीन काढतो, यंत्रात टाकतो, आकडा वाचतो. सरकारी खरेदीला ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की माल परत. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान आठवड्यावर आलं आणि दिल्लीला पाझर फुटला: मर्यादा १५ टक्के. तेव्हा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, प्रचारातला भाव ६,०००. असं यंत्र उमेदवारांसाठी असतं तर पहिल्यांदा तारीख तपासावी लागली असती. भूमिका मतदानाआधी बदलली की नंतर, आणि बदलल्याने त्याचं स्वतःचं काही गेलं का? महायुतीच्या जाहीरनाम्यातली कर्जमाफी मतदानाआधीची. '३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा' हे अजित पवारांचं बारामतीतलं बोलणं २८ मार्च २०२५ चं, म्हणजे गुलाल धुऊन झाल्यावरचं.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचंही तेच. विधानसभेच्या तोंडावर कोल्हापुरातलं भूसंपादन रद्द झालं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासह या महामार्गासाठी २० हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. परभणीतल्या शेतकऱ्यांनी मोजणीला विरोध केला. लोकांचं ऐकून आखणी बदलली तर त्याला पलटी म्हणू नये. पण ऐकू येण्याचा हंगाम आचारसंहितेच्या आसपासच का येतो, हे एकदा कृषी विद्यापीठाने संशोधनाला घ्यावं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंनी नागपूर अडवल्यावर कर्जमाफीच्या निर्णयासाठी मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ ही मुदत दिली. बियाणं आणि खत मात्र त्याआधीच घ्यावं लागतं, आणि दुकानदार जाहीरनामा गहाण ठेवून घेत नाही.