चिरंजीवांची शीट

बारावी कॉमर्सच्या निकालाला अजून महिना असतो आणि चिरंजीवांचा पुढच्या सहा वर्षांचा आराखडा तयार असतो. डोंबिवली, मुलुंड, कोथरूड, कुठेही जा, इमारतीत असा एक असतोच. त्याला साधं बी.कॉम. करायचं नसतं. ‘प्लेन बी.कॉम.’ हे दोन शब्द तो अशा सुरात उच्चारतो, की त्याच पदवीवर बँकेत नोकरी करून हा फ्लॅट घेतलेले त्याचे बाबा पेपर तोंडासमोर धरतात. त्याला हवं असतं बीएएफ, म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्स. त्यातही सगळा ओढा फायनान्शियल अ‍ॅनालिसिसकडे. अकाउंटिंग त्याला जरा कारकुनी वाटतं. पदवीच्या नावात आहे म्हणून चालवून घेतो.

खूळ शिरतं ते बारावीच्या बुक-कीपिंगमधून. पुस्तकाच्या शेवटाकडे गुणोत्तरांचं एक प्रकरण येतं. बाकीची मुलं ते ऑप्शनला टाकतात. चिरंजीव तिथेच मुक्काम ठोकतात. मग घरात कुणाची धडगत नसते. बाबांच्या गृहकर्जाचं डेट-इक्विटी निघतं, आजीच्या मुदत ठेवीवर महागाई वजा करून आजीला रडवलं जातं, आणि आईने कोकणातून आणलेली सहा किलो आमसुलं पाहून ‘इन्व्हेंटरी टर्नओव्हर फारच कमी आहे’ असा शेरा मिळतो.

आराखडा एक्सेलमध्ये असतो. घरात त्याला ‘शीट’ म्हणतात. “तो शीट भरतोय, हाका मारू नका,” असं आई दारातच सांगते. मी ती शीट पाहिली आहे. पहिल्या पानावर पदवी: तीन वर्षांत बाहेर पडायचं, की नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं? तीन वर्षांना किमान 120 क्रेडिट, चार वर्षांना 160. दुसऱ्या पानावर सीए: फाउंडेशनचे चार पेपर, इंटरचे सहा, फायनलचे सहा, आणि मध्ये दोन वर्षांची आर्टिकलशिप. तिसऱ्या पानावर सीएफएच्या, म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्टच्या, तीन लेव्हल. पदवी पूर्ण व्हायला 23 महिने उरले की पहिल्या लेव्हलला बसता येतं, हे त्याने शोधून काढलंय आणि तो चौकोन पिवळा केलाय. मंगळवारी सकाळी आर्टिकलशिप, त्याच सकाळी कॉलेजची 75 टक्के हजेरी आणि त्याच सकाळी सीएफएचा क्लास. पुढे शेरा आहे: ‘मॅनेज करू.’

सीएफएच्या परीक्षेला दोनच जातीचे कॅल्क्युलेटर चालतात. त्यातला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस चिरंजीवांनी निकालाआधीच घेतला. आठवीतल्या बहिणीने त्यावर दोन अधिक तीन गुणिले चार केलं, तर उत्तर आलं 20. “दादा, ह्याला कंचेभागुबेव येत नाही का रे?” ते यंत्र मुळात जसजसे आकडे टाकाल तसतसं सोडवत जातं, सेटिंग बदलावं लागतं. हे दादालाही त्या दिवशीच कळलं. “फायनान्समध्ये असंच असतं,” असं सांगून त्याने तिला खोलीबाहेर काढलं.

पण शीटचा खरा मुकुटमणी चौथ्या पानावर आहे. तिथे चिरंजीवांनी स्वतःचंच डीसीएफ केलंय. म्हणजे पुढे मिळणाऱ्या पगाराची आजची किंमत काढून त्यातून फी वजा केली आहे. बाबा बँकेतले, त्यांनी विचारलं, “व्याजदर बारा टक्केच का?” “सगळे बाराच घेतात.” (मोठमोठ्या ब्रोकरेज हाउसांतही याहून फार निराळं उत्तर मिळेल असं मला वाटत नाही.) बाबांनी आणखी खोदलं, तेव्हा कळलं की सगळी किंमत ‘टर्मिनल व्हॅल्यू’त आहे. म्हणजे फायदा सातव्या वर्षापासून पुढे अनंतकाळ. पहिली सहा वर्षं बाबांनी भरायची.

सत्यम कंपनीच्या घोटाळ्यावर चिरंजीव तासभर बोलतात. 7 जानेवारी 2009 ला अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली, पाच हजार कोटींहून जास्त रोकड फक्त पुस्तकात होती, बँकेत नव्हतीच. तेव्हा चिरंजीव पाळण्यात होते, पण ऑडिटर काय करत होते हा प्रश्न ते आजही पोटतिडकीने विचारतात.

हे ऐकून आमच्या सोसायटीचे खजिनदार हरखले. सहकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी सोसायटीची रोजकीर्द आणि बँकेचं पासबुक चिरंजीवांपुढे ठेवलं. “जरा जुळवून दे. सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा घ्यायची आहे.” चिरंजीव म्हणाले, “पासबुक कशाला काका? मी रेशो काढतो.” काकांनी पासबुक पुढे सरकवलं. दोन संध्याकाळी गेल्या. 90 रुपयांचा फरक काही हलेना. अखेर चिरंजीवांनी निकाल दिला: रक्कम मटेरियल नाही, सस्पेन्स खात्यात टाका.

काकांनी चष्मा वर केला. “नव्वदला नवाने भाग जातो ना? मग कुठेतरी शेजारचे आकडे उलटे पडलेत.” पानांवरून बोट फिरवत गेले आणि जूनमधल्या एका नोंदीवर थांबले. मेंटेनन्सचे 2,450 कीर्दीत 2,540 लिहिलेले होते. अक्षर खुद्द काकांचंच होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

चिरंजीव मात्र त्या रात्री गप्प होते. आर्थिक विश्लेषण म्हणजे कुणीतरी बरोबर लिहिलेल्या आकड्यांवर केलेलं काम, आणि ते बरोबर आहेत का हे बघायला पासबुक उघडावं लागतं, हे शीटमध्ये कुठल्याच पानावर नव्हतं. आता पाचवं पान उघडलंय. त्याचं नाव ‘इंटर्नशिप: फॉरेन्सिक अकाउंटिंग’. रोज संध्याकाळी सातला ते काकांकडे कीर्द लिहायला बसतात. मानधन एक कप चहा. साखर जास्त असते, त्याची नोंद त्यांनी शेऱ्यात केली आहे.

पोरगा हुशार आहे, बीएएफ करेल, पुढचंही काही ना काही करेल. तुमच्या इमारतीतही असा एक असेलच. त्याला आमच्याकडे पाठवू नका, आमची जागा भरली. तुमच्याच खजिनदाराकडे पाठवा, आणि जाताना हातात पासबुक द्या.