टॅरिफनाना

पुणे–लोणावळा लोकलच्या कुठल्याही डब्यात, कामशेतच्या बाजारात किंवा वडगावच्या कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर हा गृहस्थ हमखास भेटतो. पवनानगरच्या बाजूला जो राहतो त्याला आम्ही टॅरिफनाना म्हणतो. तोंडावर म्हटलं तरी चालतं. उलट खुलतात.

नानांची इस्टेट म्हणजे वीस गुंठ्यांचं पॉलिहाउस, त्यात टॉप सिक्रेट जातीचा लाल गुलाब. ओढ्याच्या अंगाला इंद्रायणी भाताची खाचरं. आणि एक मोबाइल. तिन्हींत मशागत मोबाइलची जास्त होते. फवारणी, ठिबक, बायांची हजेरी हे सगळं काकू बघतात आणि वॉशिंग्टन नाना बघतात. गुलाबावर भुरी आली तर ती त्यांना काकूंच्या आवाजावरून कळते, पण आयोवातल्या सोयाबीनचा भाव उतरला की लगेच त्यांचा चेहरा उतरतो. बुशेलमागे किती सेंट तुटले ते तोंडपाठ असतं. बुशेल म्हणजे किती पायली, हे मात्र विचारायचं नाही.

टॅरिफ म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "आरं, टॅरिफ म्हंजी जगाचा सोमाटणे टोलनाका. आपुन आधारकार्ड दाखवून सुटतो, बाहेरच्यानं भरायचं."

"पण नाना, टॅरिफ भरतो तो माल मागवणारा. म्हणजे अमेरिकेतला व्यापारीच. आणि तो शेवटी गिऱ्हाइकाकडनंच काढणार ना?"

"तेच म्हणतोय मी!" नाना म्हणाले. हे ते कुठल्याही वाक्यानंतर म्हणतात. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मावळ तालुक्याच्या इतिहासात नाही.

नानांना एक धाकटे भाऊ आहेत, आप्पा. बांध एक, विहीर एक, पक्ष दोन. आप्पा कुठल्या पक्षाचे हे विचारलं तर नाना ज्यात नाहीत त्या पक्षाचे, एवढंच खात्रीनं सांगता येतं, कारण मधल्या काळात दोघांनी एकदा अदलाबदलही केली आहे. त्यामुळे अमेरिकेचं राजकारण दोघांना समजायला मुळीच जड गेलं नाही. एका भावानं रिपब्लिकन घेतला, उरलेला डेमोक्रॅट दुसऱ्याच्या वाट्याला आला.

2018 साली ट्रम्पसाहेबांनी चीनच्या मालावर टॅरिफ लावले तेव्हा नाना टपरीवर उभे राहून बोलले होते. "असा गडी पायजे!" चीननं उलट अमेरिकेच्या सोयाबीनवर 25 टक्के लावले, तिथले शेतकरी अडचणीत आले, आणि मग सरकारनं त्यांना त्या वर्षी 1200 कोटी डॉलर आणि पुढच्या वर्षी 1600 कोटी डॉलर मदत जाहीर केली. आप्पांनी विचारलं, मग मिळवलं काय? नानांकडे उत्तर तयार होतं. "बुडवला कुणी? त्यानंच. काढला कुणी? त्यानंच. मग मत कुणाला? त्यालाच." आणि आयोवानं पुढच्या दोन्ही निवडणुकांत खरोखरच त्यालाच मत दिलं. आप्पांचे बायडेन आले, तेव्हा आता हे टॅरिफ उठणार म्हणून आप्पांनी छाती पुढे काढली. बायडेननी ते बहुतेक तसेच ठेवले आणि 2024 मध्ये चिनी विजेच्या मोटारींवर तर 100 टक्के नेले. त्या दिवशी आप्पांना भातखाचरात फार काम निघालं.

मला या सगळ्यात मौज वाटते ती आयोवाची. तिथेही असा एक नाना असेलच. ट्रॅक्टरच्या पोलादावर टॅरिफ, सोयाबीनचं गिऱ्हाईक पळालेलं, आणि हा आपला कुंपणापलीकडच्या भावाला ठणकावतोय की आपल्या पक्षाचा टॅरिफ देशहिताचा आणि तुझ्या पक्षाचा आतबट्ट्याचा.

आमच्या नानांचा सुवर्णक्षण आला 26 जानेवारी 2025 च्या मध्यरात्री. व्हॅलेंटाइनचा हंगाम ऐन भरात होता. डिसेंबरात फांद्या वाकवून बेंडिंग केलेली झाडं एकदम फुटून आलेली, देठ साठ सेंटिमीटरचे, कळ्यांना जाळीच्या टोप्या चढवलेल्या, वीस-वीस फुलांचे बंच कोल्ड स्टोअरेजमध्ये रचलेले. काकूंच्या बोटांना काट्यांचे ओरखडे आणि नानांच्या हातात मोबाइल. अमेरिकेनं माघारी धाडलेल्या माणसांची विमानं कोलंबियानं उतरू दिली नाहीत, म्हणून ट्रम्पसाहेबांनी कोलंबियाच्या सगळ्या मालावर 25 टक्के टॅरिफ जाहीर केला. आठवड्यात तो 50 होणार होता. आता अमेरिकेतल्या प्रेमिकांचा गुलाब येतो मुख्यतः कोलंबिया आणि इक्वेडोरहून. आपला मावळचा गुलाब जातो जपान, ऑस्ट्रेलिया, युरोप, आखाताकडे. तिथेही केनिया आणि इथिओपिया उरावर बसलेले. पण नानांनी रात्रीत न्यूयॉर्क काबीज केलं. काकूंना उठवून सांगितलं, "ह्या वर्षी बंगला." मला फोन केला तो विमानाचं भाडं विचारायला. मी पत्रिका छापणारा माणूस. त्यांच्या मते छापखानेवाल्याला सगळं ठाऊक असतं.

सकाळी चहा गाळेपर्यंत कोलंबियानं मान तुकवली होती आणि टॅरिफ उठला होता. अख्खा बंगला आठ-नऊ तासांत बांधून पडला. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "मग आता बंच पुण्याच्या मार्केट यार्डात धाडू, का न्यूयॉर्कची गाडी यायचीय?"

नानांना कारखानदारीतलंही कळतं. तळेगाव शेजारी म्हटल्यावर कळणारच. जनरल मोटर्सचा कारखाना तिथे 2008 मध्ये सुरू झाला, डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि 2024 च्या जानेवारीत तो ह्युंदाईकडे गेला. अमेरिका गेली, कोरिया आली. दोन्ही वेळा आपण अगोदरच सांगितलं होतं, असं नाना सांगतात. पण दोघा भावांचा जीव खरा अडकला तो वेदांता-फॉक्सकॉनमध्ये. दीड लाख कोटींचा सेमीकंडक्टरचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून आप्पांनी भाड्याच्या खोल्यांचा पाया खणला. सप्टेंबर 2022 मध्ये तो गुजरातेत गेला. कुणाच्या सरकारमुळे गेला, यावर भावाभावांत जे पेटलं ते बैलपोळ्यालाही विझेना. विहिरीच्या पाळ्यासुद्धा बदलल्या. पुढच्या जुलैत फॉक्सकॉननंच वेदांताचा हात सोडला, तेव्हा दोघेही हिरमुसले. आता भांडायचं कशावर? आप्पांच्या पायात पावसाळ्यात खेकडे मात्र चांगले सापडतात.

नानांचा जावई लोणावळ्यात चिक्कीच्या धंद्यात आहे. जून 2019 मध्ये भारतानं अमेरिकेला उत्तर म्हणून तिथल्या बदाम, अक्रोड, सफरचंदावर जादा शुल्क लावलं, तेव्हा नाना चार दिवस जावयाच्या गल्ल्याशेजारी जाऊन बसले आणि बदामचिक्की घेणाऱ्या मुंबईकरांना सांगू लागले, "ह्यो बदाम कॅलिफोर्नियाचा. आपुन सूड घेतलाय." गिऱ्हाइकं दचकून शेंगदाण्याकडे वळत. सप्टेंबर 2023 मध्ये ते शुल्क उठलं, पण सासऱ्यांना ही बातमी मुलीकडून पोचवण्यात आली, दुकानात येऊ न देता.

2025 मध्ये मात्र खरी पंचाईत झाली. 7 ऑगस्टला भारताच्या मालावर 25 टक्के लागले आणि रशियाच्या तेलापायी आणखी 25 लागणार हे आदल्याच दिवशी जाहीर झालं होतं. ट्रम्प तर नानांचा माणूस! आता शिव्या द्यायच्या की समर्थन करायचं, याचा निरोप पक्षाच्या ग्रुपवर काही येईना. नानांचा घसा बसला. टपरीवर खुणेनं चहा मागत. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. आप्पा मुद्दाम समोर येऊन "काय म्हणतोय तुझा मैतर?" विचारत, आणि नाना गळ्याकडे बोट दाखवत. मग एके दिवशी ग्रुपवर स्वदेशीचा संदेश आला आणि घसा तत्क्षणी मोकळा झाला. "मी पहिल्यापासनंच सांगत होतो," असं ते सुरू झाले ते चिनी प्लॅस्टिकच्या फुलांपर्यंत आले. त्या बाबतीत त्यांचं दुःख खरं आहे. फूलवाल्यांचा लग्नसराईचा, सणासुदीचा धंदा त्या फुलांनी खाल्ला आहे, आणि बंदी घाला म्हणून शेतकरी ओरडत होते ते उगाच नाही. नाना तर 200 टक्के टॅरिफ मागत होते.

दुसरे 25 टक्के लागू झाले 27 ऑगस्टला, नेमके गणेश चतुर्थीला. अमेरिकेत मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. मी नानांकडे दर्शनाला गेलो तेव्हा गुरुजी प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रावर होते. नानांचा उजवा हात दूर्वा धरून, डावा मोबाइल धरून. "लागला!" नाना ओरडले. मुहूर्त लागला समजून पोरांनी घंटा वाजवली, आप्पांनी आरती सुरू केली आणि गुरुजी मधल्या मध्ये थांबले.

आरती झाल्यावर मखराकडे नीट पाहिलं. मूर्तीपुढे दूर्वा, जास्वंद, आणि वरच्या कमानीला लालभडक गुलाबांची दाट झालर. हात लावून पाहिला. पाकळी कडक होती. बाहेर ओट्यावर पुण्याला जायचे खोके बांधून ठेवलेले.

"नाना, ही प्लॅस्टिकची?"

"आपल्या फुलाला आज भाव हाय. ते काय घरात लावायचंय?"

"पण 200 टक्के टॅरिफ?"

नानांनी प्रसादाचा मोदक माझ्या हातावर ठेवला. "आरं, हा जुना स्टॉक. टॅरिफच्या आधीचा."