दीडशेत एक

लेस्टर

ती. आई, बाबा आणि आत्या,

"फुकट आहेत तर सगळ्या तपासण्या उरकून घे" हा आईचा सल्ला आणि "आमच्या वेळी कुठे होती ही थेरं?" हा आत्याचा, दोन्ही पोचले. दोन्ही पाळणं शक्य नसल्यामुळे हे पत्र. ११ ते १४ आठवड्यांत इथे जी तपासणी देऊ करतात, ती म्हणजे तुमच्याकडची डबल मार्कर आणि एनटी. बाळाच्या मानेमागचं पाणी, आईचं रक्त आणि वय यांची बेरीज करून डाउन, एडवर्ड्स आणि पटाऊ सिंड्रोमची शक्यता सांगतात. फक्त शक्यता, निदान नव्हे. आकडा १५०त १ किंवा त्याहून वर गेला की 'हाय चान्स'चा शिक्का. बाबा, तुम्ही हिशेबाचे पक्के: १५०त १ म्हणजे १४९ बाळांना ते नसतं. परीक्षेत १५०पैकी १४९ पडले तर आपण पेढे वाटतो, इथे त्याच आकड्यावर देव पाण्यात! उलट 'लो चान्स' हे काही वॉरंटी कार्ड नव्हे.

म्हणून माझं म्हणणं असं, की रक्त देण्याआधी उत्तराचं काय करायचं ते ठरवावं. शक्यता जास्त निघाली तर पुढे एनआयपीटी ही आईच्या रक्ताची तपासणी. आईच्या रक्तात फिरणारे बाळाच्या डीएनएचे तुकडे १९९७ साली डेनिस लो यांच्या चमूने शोधले, त्यावर ती उभी आहे. पण ते तुकडे मुख्यतः वारेतून येतात, त्यामुळे तिचाही शब्द शेवटचा नाही. पक्कं उत्तर हवं तर १५ आठवड्यांनंतर सुईने गर्भजल काढायचं, आणि त्यात गर्भपाताचा धोका, २००त १पेक्षा कमी असला तरी, असतोच. आत्या म्हणेल, मूल ठेवायचंच असेल तर हा खटाटोप कशाला? तर डाउन असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. आधी कळलं तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. आणि आत्या, तुमच्या वेळीही अशी बाळं जन्मत होतीच, फक्त कळायचं उशिरा. आकडा ऐकून सहा महिने झोप उडणार असेल, तर 'नको' म्हणायचीही मुभा आहे. मिडवाइफ नोंद करते, रुसत नाही. आम्ही पहिली तपासणी करणार, गरज पडली तर एनआयपीटी. सुईपाशी थांबून पुन्हा विचार.

मुलगा की मुलगी, हे मात्र आडूनही विचारू नका. त्यावर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा आपल्या महाराष्ट्रानेच केला.

डिंकाचे लाडू पाठवा.

तुमची,
धाकटी