चाइल्ड लॉक : निवड, जोडणी व निगा

मूल साधारण सातव्या ते दहाव्या महिन्यात रांगू लागते आणि जमिनीपासून दोन फुटांपर्यंतची सगळी कपाटे त्याच्या अखत्यारीत जातात. या हस्तांतराला काही काळ स्थगिती देणाऱ्या साधनाला चाइल्ड लॉक म्हणतात. ते मूल रांगण्यापूर्वी बसवावे असा नियम आहे. प्रत्यक्षात ते मोहरीचा डबा पालथा झाल्यावर मागवले जाते.

लॉक कुठे लावायचे हे ठरवण्यासाठी घराची पाहणी रांगत करावी. मोठी माणसे ती ओट्याला टेकून करतात, त्यामुळे पहिल्याच कपाटापाशी चुकते. पहिला मान सिंकखालच्या कपाटाचा. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तुंबलेली मोरी मोकळी करणाऱ्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. सुटे आणलेले फिनेल सरबताच्या जुन्या बाटलीत भरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मोठ्यांना आतले फिनेल माहीत असते, मुलाला बाहेरची बाटली.

दुसरे ठिकाण देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर. त्यातला कापूर थोडासा गिळला तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते. तिसरे ठिकाण म्हणजे ‘असू दे, लागेल कधीतरी’ हा ड्रॉवर. बंद घड्याळ, कुठल्याच कुलपाची नसलेली किल्ली आणि बटणाएवढे सेल तिथे वर्षानुवर्षे सुखाने नांदतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकते. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्याही याच यादीत येतात.

या वस्तू उंचावर हलवणे हा पहिला उपाय, लॉक हा दुसरा. पण माळ्यावर मिक्सरचे, टीव्हीचे आणि जुन्या मिक्सरचे खोके थर्माकोलसह जपून ठेवलेले असल्याने बहुतेक घरे थेट दुसऱ्या उपायावर येतात.

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. चिकटपट्टीचे लॉक दार आणि कडेच्या फळीवर चिकटते. ते स्वस्त असते, भोक पाडावे लागत नाही, म्हणून भाड्याच्या घराला सोयीचे. दोन मुठी एकमेकींना बांधणारे सरकते लॉक जोडदारांना चालते, मात्र खाचेच्या हँडलवर त्याला धरायला काहीच नसते. आतल्या बाजूने स्क्रूने बसणारा स्प्रिंगचा आकडा टिकाऊ. त्यात दार बोटभर उघडते, मग आकडा दाबून सोडवावा लागतो. त्या बोटभर फटीत मुलाचे बोट नेमके मावते, हा त्याचा दोष. चौथे चुंबकाचे. ते बाहेरून दिसत नाही आणि त्याची चुंबकी किल्ली दारावर टेकवल्याशिवाय उघडत नाही. १८ मिमीचे प्लाय आणि दोन्ही बाजूंचा सनमायका ओलांडून चुंबक पोचेल का, हे खरेदीपूर्वी वेष्टनावर पाहावे. किल्ली फ्रिजच्या वरच्या भागाला चिकटवून ठेवावी. ती तिथे नसते.

चिकटपट्टीच्या जोडणीत शत्रू असते ती फोडणी. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक दारावर तेलाचा न दिसणारा थर चढतो आणि त्यावर कोणताही गोंद टिकत नाही. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरावी आणि चोवीस तास हात लावू नये. पहिल्या तिन्ही सूचना पाळल्या जातात. चौथीच्या वेळी येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘बसलंय का नीट’ म्हणून एकदा ओढून पाहतो आणि लॉक त्याच्या हातात येते.

स्क्रूच्या लॉकसाठी आधी बारीक भोक पाडावे. १८ मिमीच्या दाराला १२ ते १५ मिमीचा स्क्रू पुरतो. ड्रिलच्या पात्यावर तेवढ्या खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळावी, नाहीतर टोक सनमायका फोडून बाहेर येते आणि ज्या दारापासून मुलाला वाचवायचे तेच त्याला बोचू लागते. पावसाळ्यात प्लाय फुगून आकडा व खाच यांची चुकामूक होते. अशा वेळी स्क्रू सैल करून आकडा किंचित सरकवावा. हळूच मिटणारे सॉफ्ट क्लोज दार आकडा बसण्याआधीच थांबू शकते, म्हणून ‘टक’ ऐकू येईपर्यंत दाबावे.

वापराची तपासणी दोन गटांवर करतात. घरी आलेला पाहुणा पेल्यासाठी दार ओढतो, मग दोन्ही हातांनी ओढतो, आणि शेवटी ओंजळीने पाणी पितो. आजी उलथन्याच्या दांड्याने आकडा सोडवते. मूल मात्र काही ओढत नाही. ते बसून मोठे काय करतात ते पाहते. चार वेळा दार उघडबंद केल्यावर पाचव्या वेळी मोठी माणसे ‘आत्ता परत लागणारच आहे’ म्हणून ते तसेच सोडतात, हे त्याला लवकरच उमगते. सर्व प्रकारांच्या लॉकमधला कच्चा भाग हाच असून तो बदलून मिळत नाही. म्हणूनच लॉक लावल्याने मुलावरचे लक्ष काढता येत नाही. घातक काही गिळल्याचा संशय आल्यास उलटी करवू नये आणि बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

एक खालचे कपाट मुद्दाम उघडे ठेवून त्यात पातेली, झाकणे आणि झारा ठेवावा. बाकीच्या दारांवरचा दाब त्यामुळे कमी होतो. आवाजाची तक्रार खालच्या मजल्यावरून येईल, ती नोंदवून घ्यावी.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास बरीच मुले साधी लॉक सोडवू लागतात. त्यानंतर घातक वस्तू उंचावर गेलेल्या नसल्यास माळ्यावरचे खोके खरोखरच काढावे लागतात. चिकटपट्टी उतरवताना हेअर ड्रायरने गरम करून मागून दोरा फिरवावा आणि उरलेला गोंद खोबरेल तेलाने पुसावा. स्क्रूची भोके लांबीने बुजवावीत.