पडदा एक, सीपीयू दोन

आमच्या डाळमिलच्या ऑफिसात सीपीयू दोन आणि पडदा एक. जुन्या सीपीयूवर विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा नाद सोडला. अण्णांनी सोडलेला नाही. तुरीची सगळी जुनी खाती त्यात आहेत, आणि बिलं छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर फक्त त्याचंच ऐकतो. त्याला इंटरनेट लावायचं नाही, अशी सक्त ताकीद. म्हणून जीएसटीसाठी नवा सीपीयू आला. त्यासोबत मॉनिटर मागितला, तर अण्णांनी गल्ल्याला कुलूप घालत विचारलं, "तुले डोये दोनच हायेत ना? मंग पडदे दोन कायले?"

यावर दाणाबाजारात कुणाकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही.

मग गोलाणी मार्केटमधून एक डबी आली. खोक्यावर केव्हीएम स्विच लिहिलेलं, आमच्याकडे तिचा खटका झाला. मागे वायरींचं जंगल: जांभळी की-बोर्डची, हिरवी माऊसची, निळी पंधरा पिनांची मॉनिटरची. स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की पडदा, की-बोर्ड, माऊस अख्ख्या बिऱ्हाडासह दुसऱ्या सीपीयूकडे. ही स्क्रोल लॉक लग्नातल्या त्या पाहुण्यासारखी, जो कुणाकडून आलाय हे दोन्ही व्याह्यांना ठाऊक नसतं. इतकी वर्षं कोपऱ्यात नुसती बसून होती. एकदाची कामाला लागली.

खरी मजा लाईट गेल्यावर. मे महिन्यात जळगावची लाईट जाते, येते, आणि दोन्ही सीपीयू एकदम उठतात. भारीतला खटका असेल तर ज्याच्याकडे पडदा नाही त्या सीपीयूलाही तो 'की-बोर्ड आहे बरं का, काळजी नको' अशी थाप मारत राहतो. आमचा खटका स्वस्तातला, म्हणून सत्यवचनी. जुना सीपीयू बिचारा उठताउठता की-बोर्ड चाचपतो, सापडला नाही की तिथेच ठिय्या देतो आणि पडद्यावर लिहितो: की-बोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. कशाने दाबा? आणि हा मजकूर वाचणार कोण, पडदा तर दुसऱ्याच्या घरी! बाहेर ट्रकवाला बिलासाठी हॉर्न वाजवतोय.

"काय म्हनतो जुना?" अण्णा विचारतात.

"की-बोर्ड मागतोय."

"दे मंग. त्यात काय इतकं!"

एवढ्यावर अण्णांचं भागलं असतं तर बरं होतं. पण काटकसरीला चव असते. धुळ्याच्या दुकानातही एक कॉम्प्युटर आहे. तोही मीच जळगावात बसून चालवायचा, एनीडेस्क लावून. म्हणजे माऊस इथे हलवायचा आणि बाण नव्वदेक किलोमीटरवर, पारोळ्याच्या पलीकडे हलणार. पण तिथे आप्पा बसतात आणि त्यांच्याही हातात माऊस आहे. बाण एक, हात दोन. मी बाण 'सबमिट'कडे नेतो, आप्पा तो 'एडिट'कडे ओढतात. अख्ख्या खानदेशाचा कारभार एकेकाळी धुळ्याच्या कचेरीतून चालायचा. १९०६ मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम असे दोन खानदेश केले आणि जळगावला वेगळा कलेक्टर दिला. अण्णांपेक्षा इंग्रज उदार म्हणायचे. आप्पांना मात्र ही वाटणी अजून पोचलेली नसावी.

शेवटी ठरलं, फोन करून विचारायचं आणि मगच माऊसला हात लावायचा. आता धुळ्याची माणसं एकदा आदराला पेटली की आवरत नाहीत. २० तारखेला रिटर्नची शेवटची संध्याकाळ, मी फोन केला. "आप्पा, मी घेऊ का?" "घ्या ना भाऊ." "नाही, तुमचं चालू असेल तर करा आधी." "छे छे, तुमचं होऊ द्या, मी कुठे पळतो." मग तब्येत, पाऊस, तुरीचा भाव. तेवढ्या वेळात कुणाचाच हात न लागल्याने पोर्टलने दोघांनाही बाहेर काढलं. पुन्हा लॉगिन केलं, आकडे भरले, आणि ओटीपी गेला अण्णांच्या मोबाईलवर. अण्णा एरंडोलला भाच्याच्या हळदीत. डीजेसमोर उभं राहून त्यांनी सहा आकडे ओरडून सांगितले. पाच मला ऐकू आले. सहावा कॉन्फरन्सवर असलेल्या आप्पांना ऐकू आला, आणि ते म्हणाले, "भाऊ, तुम्हीच टाका ना."