उजेड वजनावर घ्यावा

1791 साली पेशव्यांनी एक सौदा केला. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या बाळूमियाँ सिद्दीने तो हक्क त्यांना लिहून दिला आणि मोबदल्यात सुरतेजवळचा मुलूख पदरात पाडून घेतला. त्या मुलखाचं सचिन संस्थान झालं आणि ते 1948 पर्यंत नांदलं. पेशव्यांच्या हाती आला फक्त कागद. जंजिरा ज्या दुसऱ्या सिद्दीच्या ताब्यात होता, त्याच्याच ताब्यात राहिला. आत काय आहे हे न बघता वेष्टणावरचं वाचून माल घेण्याची आपली परंपरा अशी थेट सचिनपर्यंत पोचते. आता तिथे औद्योगिक वसाहत आहे, लूम्सच्या खात्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि खानदेशातून पोटामागे आलेली मराठी माणसं त्या पाळ्या भरतात. यांतला कोणी सायकलच्या झगझगीत दिव्यासाठी बॅटरी घ्यायला निघाला, की त्याच्यासमोर नवा जंजिरा उभा राहतो: गुलाबी वेष्टणातला सेल आणि त्यावर ठसठशीत 9900 एमएएच. माझं म्हणणं एवढंच, की हा आकडा वाचू नये. सेल काट्यावर टाकावा.

कारण सेलचं सगळं अंग त्याच्या नावातच सांगितलेलं असतं. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर व्यास, 65 मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य गोल आकाराचं. अंग ठरलं की पोटही ठरतं. नामांकित कंपन्यांचे या मापाचे उत्तम सेल साधारण 3500 एमएएचच्या आसपास थांबतात. त्याला 3.6 व्होल्टने गुणलं की सुमारे साडेबारा वॉट-तास होतात, आणि दिवा जळतो तो या वॉट-तासांवर. 9900चा दावा खरा मानायचा, तर तेवढ्याच नळकांड्यात जवळजवळ तिप्पट ऊर्जा बसायला हवी. हे सेल लिथियम-आयन जातीचे, आणि ही बॅटरी 1991 साली बाजारात आली. तिच्या पायाभूत संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019चं नोबेल मिळालं. इतक्या वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांना जे साधलं नाही, ते लेबल छापणाऱ्याने एका रात्रीत साधलं असेल, तर पुढचं नोबेल छापखान्यालाच द्यायला हवं.

वजनाचा आग्रह सुरतेत तरी कोणाला नवा वाटू नये. इथे धाग्याची जाडी डोळ्यांनी ठरत नाही. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जे वजन, तो त्याचा डेनियर. व्यापारी 'बारीक आहे हो' या शब्दावर दमडी सोडत नाही. याच सचिनच्या विशेष आर्थिक क्षेत्रात हिरे कॅरेटवर तोलले जातात, आणि कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. मग 225 कॅरेट भरणारा ऐवज न तोलता पिशवीत कसा जातो? चांगला 18650 सेल 44 ते 50 ग्रॅमच्या दरम्यान भरतो. तीस-पस्तीस ग्रॅमवर काटा थांबला, तर नळकांड्यात लहान सेल आणि उरलेल्या जागेत विक्रेत्याचा आत्मविश्वास भरलेला आहे, असं समजावं.

यावर चतुर वाचक म्हणेल, की फसवणारा वजनासाठी आत भुकटी भरेल. भरतोही. म्हणून हलका सेल नक्की खोटा, पण भरीव सेल नक्की खरा नव्हे. दुसरी परीक्षा घड्याळाची. साडेबारा वॉट-तासांचा सेल पूर्ण चार्ज करून पाच वॉटच्या दिव्याला लावला, तर सर्किटमधली गळती धरून दोन तासांच्या आसपास जळायला हवा. पाऊण तासात डोळे मिटले, तर उरलेलं वेष्टणच होतं. तिसरी परीक्षा सरकारी: आयएस 16046 या मानकाचा शिक्का आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. शिक्काही छापता येतोच, म्हणून तर तपासायचा.

खरा जोरदार आक्षेप वेगळा आहे. हजिऱ्याहून येणारा राष्ट्रीय महामार्ग 53 सचिनवरून पुढे पलसाण्याकडे जातो, त्यावर ट्रकांची रांग असते. तिथे उजेड जितका जास्त तितका जीव सुरक्षित, मग बॅटरी मोठीच हवी! ऐकायला पटतं. पण जुन्या सायकलचा डायनॅमो सहा व्होल्ट, तीन वॉटचा असे, आणि त्यातही पुढच्या दिव्याच्या वाट्याला 2.4 वॉट येत. तेवढ्यावर पिढ्यान् पिढ्या रात्री घरी पोचल्या. तेवढ्याच वॉटमध्ये आजचा एलईडी त्या पिवळ्या बल्बच्या कित्येक पट उजेड देतो. शिवाय लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, दुप्पट केलं म्हणून डोळ्याला दुप्पट दिसत नाही. बॅटरी मात्र इमानाने दुप्पट वेगाने संपते. आणि ज्या ट्रकवाल्याने आपल्याला पाहावं म्हणून हा खटाटोप, त्याचेच डोळे आपण दिपवले, तर त्याला आपण सोडून सगळंच दिसायचं बंद होईल. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वर जाऊन समोरच्याचे डोळे दिपवणार नाही, असाच असावा लागतो. तिथे नियमाने होतं ते इथे दिवा दोन बोटं खाली झुकवून होतं.

तेव्हा आधी अंधार मोजावा. पाळीला जाता-येता मिळून तासभर अंधारातला रस्ता असेल, तर तीन वॉटच्या दिव्याला दिवसाला तीन वॉट-तास लागतात. एकच प्रामाणिक सेल तीन दिवस पुरतो. चार सेलचा पॅक हा मग मिरवण्याचा खर्च. 20 तासांत 300 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, मारणाऱ्या हौशी स्वाराची गोष्ट निराळी. त्याला दहा तासांचा अंधार धरला तरी 30 वॉट-तास आणि वर गळती, त्याने 7.4 व्होल्टचा, चार सेलचा, चाळीस-पंचेचाळीस वॉट-तासांचा पॅक जरूर घ्यावा, आणि चार्जिंगचं तोंड रबरी टोपणाने बंद होतं का तेही बघावं, कारण सुरतेचा पाऊस वरूनच पडतो असं नाही, चाकाखालूनही येतो.

उरले दोन युक्तिवाद. एक, 'पॉवर बँक आहेच की!' चालेल, पण 10,000 एमएएच हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टचा असतो. म्हणजे 37 वॉट-तास, आणि पाच व्होल्टवर बाहेर येताना त्यातलेही काही वाटेत खर्ची पडतात. दुसरा, 'स्वस्त आहे, गेली तर गेली.' बॅटरी एकटी जात नाही हीच अडचण. भरणं वेळेवर थांबवणारं संरक्षण सर्किट नसलेला लिथियम पॅक रात्रभर चार्जिंगला लागतो तो बहुधा उशाशी, दहा जणांच्या खोलीत. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले कमी-जास्त दमाचे सेल एका माळेत ओवले, तर सगळ्यात थकलेल्या सेलवर सगळ्यांचा भार पडतो आणि तो आधी बिघडतो. सुरतेच्या मे महिन्यात पत्र्याखाली चार्जिंग करू नये हेही याच ओघात सांगतो; पंचेचाळीस अंशांपलीकडे हे सेल भरू नयेत.

म्हणून दुकानात शिरताना लुमेनचा प्रश्न घरी ठेवा आणि वॉट-तास किती ते विचारा. दुकानदार गोंधळला तर दुकान बदला. उत्तर मिळालं तर शेजारच्या सोनाराकडून सेल तोलून घ्या, आणि 44 ग्रॅमच्या खाली भरला तर पैसे खिशातच राहू द्या.