हरणामागची हमाली

हरणाच्या मागे लागलं की काय होतं, हे नाशिककराला अमेरिकेत जाऊन शिकायची गरज नाही. पंचवटीत हा विषय एकदाच आणि कायमचा निकालात निघालेला आहे. तरीही २०२५च्या नोव्हेंबरात मिनिॲपोलिसला राहणारा एक नाशिककर (नाव नको, त्याच्या सासूबाई मासिकं वाचतात) ऑफिसातल्या मित्राबरोबर शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात हरणाच्या शिकारीला गेला. बंदूक मित्राची, परवाना मित्राचा, जमीन मित्राच्या वडिलांची. मित्राचा पिकअप ट्रक ऐन वेळी गॅरेजात गेला म्हणून मिनीव्हॅन तेवढी नाशिककराची, आणि पुढे कळलं त्याप्रमाणे पाठही त्याचीच.

रामायणात मारीच बाण लागताच मूळ रूपात आला, त्यामुळे मेलेलं हरिण पर्णकुटीपर्यंत वाहून न्यायचा प्रश्न कुणापुढे आला नाही. चित्रात, सिनेमात, राजेरजवाड्यांच्या जुन्या फोटोंतही शिकारी एक पाय जनावरावर ठेवून उभा असतो. ते जनावर तिथवर आणलं कुणी, ती माणसं फोटोच्या चौकटीबाहेर घाम पुसत असतात.

आईला व्हिडिओ कॉलवर बेत सांगितला तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "अरे, इथे एका काळविटापायी १९९८ पासून कोर्टात तारखा पडताहेत, आणि तू आपल्या पायांनी चाललास?" तिला समजावता समजावता अर्धा तास गेला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा मामला संपला, इथे मात्र ती सरकारच भरवतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि पाच लाखांहून अधिक माणसं परवाना काढून रानात शिरतात. आईने शेवटी एकच प्रश्न विचारला. "जेवायला काय आहे तिथे?"

शुक्रवारी संध्याकाळी दोघे निघाले. हायवे ६१ मिसिसिपीच्या काठाकाठाने दक्षिणेला उतरतो. वाटेतलं रेड विंग हे १९०५ पासून बूट शिवणारं गाव. लेक सिटीच्या तळ्यावर १९२२ साली एका अठरा वर्षांच्या पोराने पायांना फळ्या बांधून बोटीमागे घसरत जाण्याचा, म्हणजे वॉटर स्कीइंगचा, शोध लावला. दोरीने बांधून ओढत नेण्याची या प्रदेशाची आवड तेव्हापासूनची, हे नाशिककराला दुसऱ्या दिवशी पटलं. पुढे वबाशा, तिथे नदीवरचा पूल, आणि पुलापलीकडे विस्कॉन्सिनमधलं नेल्सन.

नेल्सनच्या पेट्रोल पंपावर जणू कुंभमेळ्याची पर्वणी होती, फक्त सगळे आखाडे एकाच रंगाचे. भडक नारिंगी टोप्या, भडक नारिंगी जाकिटं. कंबरेच्या वरचा निम्मा तरी पोशाख झळझळीत नारिंगी हवा आणि टोपी घातली तर तीही निम्मी तशीच, असा इथला कायदा. २०१६ पासून झळझळीत गुलाबीही चालतो. तो चालवून घेणारं विस्कॉन्सिन हे पहिलं राज्य. हरणांना हे रंग माणसासारखे भडक दिसत नाहीत. एका शिकाऱ्याने दुसऱ्याला हरिण समजू नये, एवढ्यासाठी हा सगळा थाट. नाशिककराच्या जाकिटाकडे पाहून पंपावरच्या बाईंनी "पहिलीच वेळ का?" असं विचारलं. घडी मोडलेली नव्हती.

पहाटे साडेपाचला मित्राने त्याला डोंगरधारेवर नेऊन उभं केलं. अमावास्या नुकतीच सरलेली, आभाळ काळंभोर. नदीपलीकडे मिनेसोटाच्या बाजूला मृग नक्षत्र कललं होतं. चार कोपऱ्यांचे चार तारे, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे व्याध. हजारो वर्षं झाली, बाण लागलेलं ते हरिण तसंच आहे, आणि ते उचलून न्यायची जबाबदारी त्या व्याधाने अजून घेतलेली नाही. नाशिककराला हे तेव्हा नुसतंच सुंदर वाटलं. पुढचे बारा तास त्याच्या व्याधाविषयीच्या आदरात सारखी भरच पडत गेली.

सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात मित्राने गोळी झाडली. शिकारीबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

"लागली," मित्र कुजबुजला. "कूलीत उतरलाय."

नाशिककराला हायसं वाटलं. म्हणजे हमाल आहे! मग कळलं की या भागात दरीला कूली म्हणतात. जुन्या फ्रेंच व्यापाऱ्यांनी मागे ठेवलेला शब्द. हिमयुगातल्या बर्फाचा रंधा या टापूवरून फिरलाच नाही, म्हणून आजूबाजूचा मुलूख परातीसारखा सपाट आणि हा मात्र सह्याद्रीच्या धाकट्या भावासारखा उभा-आडवा. म्हणजे दरी होती, हमालही होता. हमालाला तेवढी कल्पना नव्हती.

लगेच धावायचं नसतं. घायाळ हरिण उठून पुन्हा पळतं, म्हणून अर्धा तास थांबायचं. मग रक्ताच्या खुणा बघत उतरायचं, मागच्या बाजूने जवळ जायचं आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली नाही तरच पुढे. नर होता, आठ टोकांच्या शिंगांचा. ओकच्या वाळक्या पानांत तो असा शांत पडला होता की नाशिककर दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मित्रही टोपी काढून उभा राहिला. मग त्याने टोपी घातली, रबरी हातमोजे चढवले आणि म्हणाला, "मागचा पाय धर."

कोथळा बाहेर काढणे हा वाक्प्रचार मराठी माणूस चौथीच्या इतिहासापासून फार सढळपणे वापरतो. प्रत्यक्षात हे काम घड्याळजीच्या हाताने करायचं असतं. कातडी आणि आतडी यांच्यामध्ये दोन बोटं घालून, सुरीची धार वर ठेवून, पोट अलगद उघडायचं. मूत्राशय किंवा कोठा फुटला तर आजूबाजूचं मांस गेलंच. घाईही तेवढीच, कारण हरणाचे हिवाळी केस आतून पोकळ असतात. जिवंतपणी ती रजई, मेल्यावर तीच आतली ऊब धरून ठेवते आणि मांस नासायला लागतं. म्हणून आधी आतडी बाहेर, मग पोट उघडं ठेवून वारा लागू द्यायचा. नाशिककराने पाय धरला होता आणि नजर समोरच्या एका झाडावर लावली होती. त्या झाडाचं वर्णन तो आजही सालीसकट करू शकतो.

आतडी तिथेच राहतात. कावळे, कोल्हे आणि गरुड ती संपवतात. वबाशाला तर गरुडांचं राष्ट्रीय केंद्रच आहे, आणि थंडीतही इथली नदी काही ठिकाणी गोठत नाही म्हणून ते पांढऱ्या डोक्याचे पक्षी इथे मुक्कामाला असतात. त्यात एक भानगड आहे. शिशाची गोळी मांसात शिरताना तिचे बारीक कण उडतात, आणि आतडी खाणाऱ्या गरुडाला त्या कणांची विषबाधा होते. म्हणून मित्र तांब्याच्या गोळ्या वापरतो. महाग पडतात. "गरुडाचं जेवण माझ्याकडून," तो म्हणाला.

आता ओढायचं. पोट रिकामं केलेला हा नर ६५ किलोंच्या आसपास होता. पुढचे पाय शिंगांशी बांधायचे, शिंगांना दोर, आणि डोकं पुढे. उलटं, म्हणजे मागच्या पायांनी ओढलं, तर केस उभे राहतात आणि प्रत्येक काटकी आडवी येते. मांजराला शेपटाकडून डोक्याकडे कुरवाळून पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. शिंगांना नारिंगी फडका बांधायचा, कारण झुडपातून सरकणारी शिंगं पाहून दुसऱ्या कुणाला मोह व्हायला नको. खांद्यावर टाकून न्यायचं तर नावच नको. तो प्रकार फक्त सिनेमात दीर्घायुषी ठरतो.

मिशिगनमधल्या डॉक्टरांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. २५ मध्यमवयीन पुरुषांना आधी ट्रेडमिलवर पळवलं, मग शिकारीत त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. दहा जणांचे ठोके रानात ट्रेडमिलवरच्या कमाल आकड्याच्याही वर गेले. हरिण ओढणं हे त्यातलं एक मुख्य कारण. ही माहिती मित्राने चढाच्या मध्यावर, दम खायला थांबल्यावर दिली. नाशिककर आधीच स्वतःचे ठोके कानात ऐकत होता. त्याला मोजायला यंत्र लागलं नाही.

बर्फ पडलेला नव्हता, तरी मित्राने मुलांची प्लास्टिकची घसरगाडी आणली होती. ओकच्या पानांवरून ती बरी सरकते. तीनशे मीटर चढाला सव्वा तास लागला. दर वीस पावलांना विश्रांती, दर विश्रांतीला मित्राचं "आता थोडंच राहिलं", अगदी सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना खाली उतरणारे लोक सांगतात तसं. धारेवर पोचल्यावर पलीकडे हलका उतार होता. नाशिककर दोर खांद्यावर घेऊन आनंदाने चालू लागला. दहा पावलांनी दोर सैल पडला, वीस पावलांनी मागे सळसळ झाली आणि घसरगाडी त्याच्या पोटऱ्यांवर आदळली. तो बसला तो थेट हरणावर. पुढचे दहाएक मीटर दोघांनी एकत्र प्रवास केला. हा प्रसंग घरी सांगायचा नाही असं ठरलं, पण मित्राच्या जाकिटावर कॅमेरा होता.

मिनीव्हॅनच्या मधल्या सीट पाडून ताडपत्री अंथरली. बाळाची खुर्ची काढायला कुणाला जमलं नाही, कारण ती बसवली होती बायकोने. त्यामुळे धार ते गोठा हा दोन किलोमीटरचा प्रवास हरणाने बाळाच्या खुर्चीवर हनुवटी टेकवून केला. डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे तेवढा वेळ नाशिककराने पाहिलं नाही.

गोठ्यात मित्राचे वडील वाट पाहत होते. वय पंचाहत्तर, शब्द मोजून. हरणाची नोंदणी सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची असते. पूर्वी त्यासाठी जनावर गाडीत घालून पेट्रोल पंपावर नाहीतर बारमध्ये न्यावं लागे. तिथे माणूस कानाशी धातूची पट्टी लावी आणि उरलेली संध्याकाळ तिथेच जाई. २०१५ पासून सगळं फोनवर आणि इंटरनेटवर. मित्राने दोन मिनिटांत नोंदणी उरकली, क्रमांक आला. वडील त्या फोनकडे, नवीन सुनेने मिक्सरमध्ये चटणी वाटल्यावर आजेसासू बघेल तसे पाहत राहिले. "दोन मिनिटं?" ते म्हणाले. "आम्हाला रविवार लागायचा."

रात्रभर हरिण गोठ्याच्या तुळईला टांगलं. रविवारी कातडी उतरवणं, फरे सुटे करणं, हाडांपासून मांस सोडवणं. रेडिओवर पॅकर्स-व्हायकिंग्जचा फुटबॉलचा सामना. पॅकर्स जिंकले आणि वडिलांनी दिवसातलं चौथं वाक्य उच्चारलं. ६५ किलोंच्या धुडाचं शेवटी पंचवीसेक किलो निव्वळ मांस निघालं. कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्या, ज्यांना सगळे बॅकस्ट्रॅप म्हणतात, त्या कापताना घरात एकदम शिस्त येते, दिवाळीत अनारसे तळताना येते तशी.

डोक्याचं प्रकरण निराळं. १९६७ साली कोलोरॅडोत हरणांचा एक रोग प्रथम दिसला, सीडब्ल्यूडी. मेंदूला हळूहळू जाळी पडते, जनावर खंगत जातं. विस्कॉन्सिनच्या रानात तो २००२ साली सापडला. माणसाला झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण नाही, तरी बाधित हरिण खाऊ नये असं आरोग्य खातं सांगतं. त्याला कारण असलेली प्रायॉन नावाची बिघडलेली प्रथिनं शिजवून नष्ट होत नाहीत. नाशिककराने कुकरच्या शिट्ट्यांबद्दल विचारलं. सातही पुरत नाहीत. म्हणून घशाजवळच्या गाठी तपासायला द्यायच्या, आणि अहवाल येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, मांस नुसतं बघायचं.

हा रोग कणा आणि मेंदूबरोबर गावोगाव फिरू नये, म्हणून मिनेसोटाने बाहेरून अख्खं हरिण आणायला बंदी घातली आहे. सोडवलेलं मांस चालतं, कणा आणि डोकं नसलेले फरे चालतात, कातडं चालतं, शिंगं चालतात, कवटीचा तुकडा स्वच्छ केलेला असेल तर तोही चालतो. डोकं चालत नाही. पूर्वी आपल्याकडे गावाच्या वेशीवर जकात नाका असे, तिथे पैसे भरून काहीही आत जाई. मिसिसिपीवर नाका नाही, पावती नाही, नुसता नियम आहे, आणि तो मोडायची कल्पना मित्राच्या डोक्यातही येत नाही. नाशिककराने दोनदा चाचपून पाहिलं.

मित्र सुट्टी असल्याने शेतावरच राहिला. बर्फाचे तीन कूलर आणि नोंदणी क्रमांकाचा कागद घेऊन नाशिककर एकटाच परत निघाला. तिसरा कूलर मागे मावेना म्हणून पुढच्या सीटवर ठेवला, तर गाडी पट्टा लावा म्हणून केकाटू लागली. शेवटी हरणाला सीटबेल्ट बांधला. वबाशाच्या पुलावर त्याने गाडीचा वेग उगाचच कमी केला.

घरी बायको दारातच उभी होती. "आत आणू नकोस हं. खंडोबाची षड्रात्र चालू आहे. चंपाषष्ठी बुधवारी."

"मग गुरुवारी?"

"गुरुवारी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट आहे."

पुढचा सगळा महिनाच तसा होता. दोन कूलर मित्राच्या घरी पोचवून आपल्या वाट्याचे चार किलो त्याने गॅरेजातल्या फ्रीजरमध्ये, आईने पाठवलेल्या मोदकांच्या पिठापासून शक्य तितके लांब ठेवले.

अहवाल आला ४ डिसेंबरला. रोग नाही. बायकोने फ्रिजवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवलं. गुरुवार, पौर्णिमा, दत्तजयंती.

संध्याकाळी मित्राचा फोन आला, कसं लागलं म्हणून. नाशिककराने महिना, व्रत, घट, पौर्णिमा, सगळं यथासांग सांगितलं. मित्राने विचारलं, "या महिन्याच्या नावाला काही अर्थ आहे का?"

"आहे. मृगशीर्ष नक्षत्रावरून पडलंय. त्या दिवशी पहाटे आभाळात बघितलं ना आपण, ते. मृगशीर्ष म्हणजे हरणाचं डोकं."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"मग ते मिनेसोटात आणलं कुणी?"